जुन्या मोटारीचे सुटे भाग आणि आमच्या बाजाराची इमानदारी

व्यापाऱ्याची खरी परीक्षा नवा माल विकताना होत नाही, जुना माल विकताना होते. नव्या मालावर कारखान्याचा छाप असतो, दर छापलेला असतो आणि तक्रार आलीच तर कंपनीकडे बोट दाखवून मोकळे होता येते. जुन्या मालाला यापैकी काहीच नसते. तिथे विकणाऱ्याची जबान हाच छाप आणि तीच गॅरंटी. ही गोष्ट आम्हाला कापडाच्या धंद्यात तीस वर्षे बसून जितकी समजली नव्हती, तितकी घरची एक जुनी मोटार दुरुस्त करताना गेल्या दोन वर्षांत समजली. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडण्याचे धाडस करीत आहोत.

वाचक म्हणतील, जुनी मोटार हा हौशी लोकांचा नाद, त्याचा व्यापाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, भेंडी बाजाराशेजारची मटन स्ट्रीट असो, कोलकात्याचा मल्लिक बाजार असो की चेन्नईचे पुदुपेट, जुन्या सुट्या भागांच्या या बाजारांत आमच्या समाजाचे दुकानदार, मिस्त्री, डेंटर, पेंटर आणि सीट शिवणारे कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. हजारो घरांची चूल या धंद्यावर पेटते. या धंद्याचे नाव राहिले तर घरे राहतील. नाव गेले तर दुकानही जाईल आणि हुनरही जाईल.

गाडी आणि तिचे सुटे भाग

आमची गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मरहूम वालिदसाहेबांनी ती घेतली, वीस-पंचवीस वर्षे वापरली आणि नंतर ती भिवंडीच्या गोदामामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. २०२३ च्या पावसाळ्यानंतर धाकट्या चिरंजीवांनी हट्ट धरला की भंगारवाल्याला द्यायची नाही, घरीच उभी करायची. घराण्याचे जुने मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. त्यांनी सांगितले, "हात तुमचे, नजर माझी." या अटीवर काम सुरू झाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनवल्या. पन्नाशीच्या दशकात आलेल्या पहिल्या गोलमटोल मॉडेलला महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणत. मग १९६४ च्या सुमारास फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरीत तिचेच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. मूळ इटलीत हे मॉडेल १९६६ साली बंद झाले. आपल्याकडे मात्र ते २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगजवळ हँडल गिअर आणि मागच्या चाकांना पाटे, एवढा साधा तिचा कारभार.

साध्या यंत्राचा फायदा असा की त्याचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळू लागले. त्यातही मोठा आधार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा होता. टॅक्सी रोज धावते, रोज झिजते आणि रोज दुकानात येते. त्या झिजेवर शेकडो दुकाने उभी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीच्या यादीतून कायमची गेली. आमचे काम नेमके त्याच दिवसांत सुरू झाले, म्हणून बाजाराचा बदलता रंग आम्हाला जवळून पाहता आला.

रोजचे गिऱ्हाईक संपले की दुकानदारापुढे दोनच वाटा उरतात. शिल्लक माल किलोच्या भावाने भंगारात काढावा, नाहीतर आमच्यासारख्या अधूनमधून येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाला नगाच्या भावाने विकावा. पहिल्या वाटेत लोखंडाची किंमत मिळते. दुसऱ्या वाटेत ओळखीची, जपणुकीची आणि माहितीची किंमत मिळते. त्या दोन किमतींत जे अंतर आहे तोच या धंद्याचा पुढचा नफा आहे. पण हा नफा विश्वासावरच मिळतो, हे पुढच्या दोन अनुभवांवरून दिसेल.

घरी काम काढण्याआधी

त्याआधी, ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली गोष्ट कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती दहा हजार झाली. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, पण ती पन्नास वर्षांवरील गाड्यांना, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. आमची गाडी त्या वयाची नाही. कागद साफ नसतील तर पान्याला हात लावू नये.

दुसरी गोष्ट, गाडी खोलताना घाई करू नये. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो घ्यावा, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत, डब्यावर चिठ्ठी लावावी. आमच्या घरातील लोणच्याच्या बरण्या आणि बिस्किटाचे डबे सहा महिने परत मिळाले नाहीत, यावरून घरच्या मंडळींची नाराजी वाचकांनी ओळखावी!

तिसरी गोष्ट, रंगाच्या मागे आधी लागू नये. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून पायाखालचा पत्रा, दरवाजाखालच्या पट्ट्या आणि डिकीतील स्टेपनीची जागा आधी टोकरून पाहावी. गंजावर पुट्टी भरून वर चकाचक रंग मारलेली गाडी म्हणजे किडलेल्या दातावर सोन्याची टोपी. क्रम असा असावा: आधी पत्रा, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, त्यानंतर वायरिंग, आणि रंग व सीट सर्वांत शेवटी.

चौथी गोष्ट आजच्या पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरचे गॅस्केट त्यासाठी बनवलेले नव्हते. ते लवकर खराब होतात आणि नळी फाटली तर आगीचा धोका असतो. पेट्रोलची सर्व नळी इथेनॉल सोसणारी नवी घालावी. या ठिकाणी 'जुना अस्सल माल' शोधण्याचा हट्ट धरू नये. रबराला वय असते, मग ते दुकानात पडून असो की गाडीवर असो.

बाजारातील दोन अनुभव

ब्रेकसाठी आम्हाला व्हील सिलिंडर हवे होते. एका दुकानात ते मिळाले. बंद डबा, चकचकीत रंग. दुकानदार म्हणाला, "कंपनीचा नवा माल, आता शोधूनही मिळणार नाही." मागितली ती किंमत आम्ही दिली. बिल मागितले नाही, ही आमची चूक.

आठ-दहा दिवसांनी चिरंजीव गाडी गल्लीतून हळू बाहेर काढत होते. ब्रेकवर पाय दिला तर पेडल थेट खाली गेले. आमच्या गाडीला ब्रेकची लाइन एकच. एका जागी तेल गळाले की चारही चाकांचे ब्रेक जातात. गल्लीच्या तोंडाशी मदरशाची मुले नुकतीच सुटली होती. चिरंजीवांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी गोदामाच्या भिंतीवर घातली. बंपर वाकला, दिवा फुटला, त्यांच्या मनगटाला मार लागला. मुलांना खरचटलेही नाही, हे अल्लाहचे उपकार. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

मिस्त्रींनी सिलिंडर खोलून दाखवला. आतून घासून वापरलेला जुना माल होता. भोक मोठे झाल्याने रबर सैल बसत होते. वरून रंग आणि डबा नवा. आम्ही तो घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळाले, "सेठ, जुन्या मालाला गॅरंटी नसते." आम्ही म्हणालो, "भाई, गॅरंटी मागायला आलो नाही. तुम्ही जुना म्हणून विकला असता तर आम्ही ब्रेकसाठी घेतलाच नसता." यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

आता दुसरा अनुभव. या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते. पाणी कमी पडून इंजिन तापले की ते वाकते किंवा तडकते. आमचे वाकलेले निघाले. एका बुजुर्ग दुकानदाराकडे एक हेड होते, दिसायला उत्तम. भाव ठरला, आम्ही पैसे काढले. त्यांनी हात धरला. म्हणाले, "थांबा साहेब, आधी मला पाहू द्या." त्यांनी हेड पुसले, रॉकेल लावले, परत कोरडे पुसले आणि वर खडूची भुकटी टाकली. दोन मिनिटांत दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसासारखी ओली रेघ उमटली. तडा होता. ते म्हणाले, "तुम्हाला दिसला नसता, पण मला दिसला. हे आता भट्टीत जाईल." आणि दुसऱ्या एका दुकानाचा पत्ता त्यांनी स्वतःच लिहून दिला.

त्या दिवशी त्यांची विक्री गेली. पण त्यानंतर दीड वर्षात हँडल गिअरचे बुश, किंगपिनचा सेट, दरवाजाची हँडले, काचेचे रबर, डायनॅमोचे ब्रश, जे जे लागले ते आम्ही त्यांच्याच दुकानातून घेतले आणि आणखी तीन गिऱ्हाइके त्यांच्याकडे पाठवली. पहिल्या दुकानदाराला एका डब्याचा नफा झाला. दुसऱ्याला पिढीजात गिऱ्हाईक मिळाले. बरकत कशाला म्हणतात ते यापेक्षा सोप्या हिशेबात सांगता येणार नाही.

कापडबाजाराकडून शिकण्यासारखे

आम्ही कापडवाले काही फरिश्ते नाही. पण आमच्या बाजारात एक जुनी रीत आहे. मूलजी जेठा मार्केटमध्ये जा, नाहीतर भिवंडीच्या गोदामात या. माल दर्जा सांगून विकला जातो. फ्रेश, सेकंड, फेंट आणि चिंधी. थानात डाग असेल, धागा तुटला असेल तर तो सेकंड. तुकडे पडले तर फेंट. आणि वजनावर जाते ती चिंधी. प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे, प्रत्येकाला भाव आहे. सेकंड विकण्यात कोणाला लाज वाटत नाही. लाज आहे ती सेकंड माल फ्रेशच्या गठ्ठ्यात घालण्याची.

सुट्या भागांच्या बाजारानेही अशी दर्जावारी लावून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार दर्जे पुरेसे आहेत. एक, कंपनीचा न वापरलेला जुना साठा. दोन, गाडीवरून काढलेला वापरलेला अस्सल भाग. तीन, दुरुस्त केलेला म्हणजे रिकंडिशन. चार, नवा पण लोकल बनावटीचा. बिलावर या चारपैकी एक शब्द लिहायला किती शाई लागते? ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांच्या बाबतीत तर हे लिहिल्याशिवाय माल काउंटरवरून हलूच नये, कारण तिथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे.

काही मंडळी म्हणतात, लोकल माल विकणेच गैर आहे. आम्हाला हे पटत नाही. भिवंडी आणि मालेगावचे साधे माग वर्षानुवर्षे स्थानिक ओतकाम आणि लेथच्या भागांवर चालत आले आहेत. ते कारखाने नसते तर निम्मे माग केव्हाच बंद पडले असते. कंपनीने जो भाग बनवणे बंद केले तो कारागिराने चांगला बनवून दिला तर ती सेवाच आहे. मात्र त्यावर कंपनीचे नाव छापले की तीच सेवा फसवणूक होते. आमच्या गाडीचे गिअरचे बुश लोकलच आहेत, लेथवर घडवलेले, आणि दुकानदाराने ते तसे सांगूनच दिले. त्यांच्याबद्दल आमची काहीएक तक्रार नाही.

दीन आणि कायदा, दोन्ही एकच सांगतात

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतील ओले धान्य पाहून विक्रेत्याला कसे खडसावले, ही घटना आपल्या मुलांना मक्तबमध्येच शिकवली जाते. ओले धान्य विकू नका असे त्याला सांगितले गेले नव्हते. ते वर ठेवा, म्हणजे लोकांना दिसेल, हा त्या शिकवणुकीचा गाभा आहे. रंग मारून डब्यात घातलेला जुना सिलिंडर म्हणजे ढिगाच्या पोटातील ओले धान्यच नव्हे काय?

आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क आहे. विक्रीच्या वेळी मालात असलेला दोष खरेदीदाराला ठाऊक नसेल आणि नंतर उघड झाला, तर तो सौदा मोडून माल परत करू शकतो. दोष कळूनही त्याने माल कबूल केला असेल तर मात्र हा हक्क उरत नाही. म्हणजे दोष सांगणे दुकानदाराच्याही हिताचे आहे. "जुन्याला गॅरंटी नाही" ही पाटी लावून जे संरक्षण मिळत नाही ते खरे सांगितल्याने मिळते. देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे असे बंधन आहे.

मेरठचा धडा

आता एक कटू गोष्ट. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होता. तितकाच तो चोरीच्या गाड्या तोडण्यासाठी बदनाम होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. दुकान बंद होताना प्रामाणिक आणि अप्रामाणिक असा भेद फारसा राहत नाही. सगळ्यांचीच शटर खाली येतात. काही लोकांच्या हरामाच्या कमाईची किंमत शेजारच्या हलाल कमाईवाल्याला मोजावी लागते.

मुंबईच्या चोर बाजाराचे मूळ नाव 'शोर बाजार' होते आणि इंग्रजांच्या तोंडी ते बिघडले, असे सांगतात. आपण ही गोष्ट कौतुकाने ऐकवतो. पण नाव कसेही पडले असो, ते खोटे ठरवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी एक साधी वही पुरे. तोडायला आलेल्या गाडीचा नंबर, चासी नंबर, विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत आणि तारीख. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी मोडीत निघाली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. तो कागद पाहिल्याशिवाय गाडीला कटर लावू नये. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला काय माहीत" हे उत्तर वहीशिवाय चालणार नाही.

गिऱ्हाइकाचीही जबाबदारी

दोष फक्त दुकानदाराचा नाही. बिल नको, पण दोनशे रुपये कमी करा, असे म्हणणारे आम्हीच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल टाळण्याचे निमित्तही आता कमी झाले. खरेदीला जाताना जुना भाग नमुना म्हणून बरोबर न्यावा, व्हर्नियरने माप घ्यावे, 'गाडीला बसेल' या तोंडी शब्दावर जाऊ नये. दुसरे इंजिन बसवायचे असेल तर त्याचा नंबर आर.सी. वर चढवून घ्यावा लागतो, म्हणून त्या इंजिनाचे कागद मागावेत. आणि कारागिराची मजुरी घासाघीस न करता, काम होताच द्यावी. ज्या डेंटरने आमचा सडलेला पत्रा हाताने ठोकून नवा घडवला, त्याचा मुलगा हे काम शिकलेला नाही. तो मोबाइलच्या दुकानात बसतो. आम्ही कारण विचारले तर म्हणाला, "अब्बांना लोक कामाचे कौतुक देतात, पैसे उधार ठेवतात." हे ऐकून आम्हाला मान खाली घालावी लागली.

उस्तादाजवळचे ज्ञान वहीत उतरलेले नाही. कोणत्या सालच्या गाडीला कोणता बुश बसतो, कोणता दुसऱ्या गाडीचा भाग थोडा घासून चालतो, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. बाजारातील संघटनांनी आणि समाजातील शिकलेल्या तरुणांनी त्यांच्याजवळ बसून हे मापासकट लिहून काढावे. आयटीआय शिकलेल्या मुलांना अशा उस्तादांकडे सहा महिने तरी बसवावे. नाहीतर गोदामात भाग शिल्लक राहतील आणि ते ओळखणारा कोणी राहणार नाही. मग सगळेच चिंधीच्या भावाने जाईल.

आमची गाडी आता चालते. तिच्यावर झालेला खर्च आम्ही घरात कोणाला सांगितलेला नाही. ईदच्या दिवशी ती ईदगाहपर्यंत नेली तेव्हा वालिदसाहेबांचे दोन जुने दोस्त मागच्या सीटवर बसले होते आणि वाटभर बोलत होते. तो आनंद आम्हाला त्या बुजुर्ग दुकानदारामुळे मिळाला. त्याने त्या दिवशी तडकलेले हेड मुकाट्याने बांधून दिले असते तर आम्ही हे काम अर्ध्यात सोडून गाडी भंगारात घातली असती.

म्हणून या धंद्यातील आमच्या बंधूंना एवढीच विनंती. जुने विका, दुरुस्त केलेले विका, लोकल विका, आणि त्याचा योग्य नफा घ्या. फक्त जे आहे ते आहे तसे सांगून विका आणि बिलावर लिहून द्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.